एका फाइलीमागे चालत

१९९६ साली मी हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनला प्रवेश घेतला तेव्हा आजीने विचारलं, "म्हणजे नर्स होणार का गं?" मी बीएस्सी झालेली. दवाखाना चालवायला डॉक्टर असतात, तिथे हिचं काय काम, असं तिला वाटत होतं, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. आपल्याकडे रीतच तशी होती. मुंबईच्या केईएमचे पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, म्हणजे डॉक्टरच. डीन असो, सिव्हिल सर्जन असो की वैद्यकीय अधीक्षक, ज्येष्ठ डॉक्टरच्या गळ्यात कारभार यायचा. वॉर्ड मेट्रन सांभाळायच्या, हिशेब हेडक्लार्क. ट्रस्टच्या इस्पितळांत कधी लष्करातून निवृत्त झालेले अधिकारी येत. त्यांतले कित्येकजण उत्तम कारभारी निघाले, पण शिकले ते खुर्चीत बसल्यावर, आणि तोवर त्याची किंमत रुग्ण मोजत.

अमेरिकेत शिकागो विद्यापीठाने या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९३४ साली सुरू केला. आपल्याकडे दिल्लीत आरोग्य प्रशासनाची राष्ट्रीय संस्था निघाली ती १९६४ मध्ये. १९७७ साली ती कुटुंबनियोजनाच्या संस्थेत मिळून आजची एनआयएचएफडब्ल्यू झाली. एम्सची पदव्युत्तर पदवीही साठच्याच दशकातली, पण एमबीबीएस झालेल्यांसाठी. पुण्याच्या एएफएमसीत लष्करी डॉक्टर हा विषय शिकत. माझ्यासारख्या बिगरडॉक्टरांना दार उघडलं त्यात मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा वाटा मोठा. मुळात ती समाजकार्याची संस्था. इस्पितळाचा विचार रुग्णाच्या घरापासून सुरू करायचा, ही तिची देणगी मला फार मोलाची वाटते.

मी शिकले मात्र एका फाइलीमागे चालून. इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी सांगितलं, "एक डिस्चार्जची फाइल धर आणि ती जाईल तिथे जा." हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक शेतकरी होते. साडेनऊच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, "आज घरी." त्यांच्यासोबतच्या काकूंनी लगेच चादरीची घडी घातली, डबा पिशवीत ठेवला आणि त्या कॉटच्या कडेवर बसल्या. डिस्चार्ज समरी लिहिणारे रेसिडेंट ओटीत होते. ते सव्वाअकराला आले. उरलेल्या सलाइनच्या बाटल्या आणि इंजेक्शनं घेऊन वॉर्डातले मामा फार्मसीत गेले, तर तिथे रांग. लॅबचं एक बिल चढवायचं राहिलं होतं. बिलिंगला पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी. गेटपास हातात पडला तीन वाजून चाळीस मिनिटांनी. त्यांच्या गावची शेवटची एसटी तीनला सुटायची. ती रात्र दोघांनी इस्पितळाच्या व्हरांड्यात काढली.

उपाय साधाच निघाला. समरी आदल्या संध्याकाळी तयार ठेवायची आणि औषधं रात्रपाळीतच परत करायची. पण तो सुचायला त्या फाइलीमागे कुणीतरी चालायला हवं होतं.

मी शिकत होते त्याच सुमारास इस्पितळांचं जग बदलत होतं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. १९९८ मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. २००१ मध्ये विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएंचे नियम, मग इस्पितळांच्या दर्जासाठी एनएबीएचची मानांकनं, आणि २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना, आधी ८ जिल्ह्यांत, मग राज्यभर. एवढी कागदपत्रं सांभाळायला माणसं हवीत म्हणून एमबीएचे वर्ग भरू लागले. नोकरीत असलेल्या डॉक्टरांसाठी इग्नूची पदविका होतीच. आता मी हा विषय शिकवते, तर माझ्या वर्गात फिजिओथेरपी, फार्मसी, बीएएमएस, बीडीएस अशी कुठकुठली मुलं येतात. याचा मला मनापासून आनंद आहे.

खंत एवढीच, की वर्ग वाढले तसा वॉर्ड आटला. दोन महिन्यांची इंटर्नशिप, तीही बहुतेक कॉम्प्युटरसमोर. ही मुलं एक्सेलमध्ये हुशार आहेत, पण निर्जंतुकीकरण विभागातून, म्हणजे सीएसएसडीतून, निघालेला ट्रे ओटीपर्यंत कसा पोचतो ते अनेकांनी पाहिलेलं नसतं. रात्रपाळी तर कुणीच केलेली नसते. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १० बाळं गेली. तेव्हापासून अग्निसुरक्षेचा तास मी वर्गात घेत नाही. मुलांना रात्री दोनला एनआयसीयूत नेते. वॉर्मरपासून दारापर्यंत पावलं मोजायला लावते, ड्यूटीवर किती सिस्टर आहेत ते विचारायला लावते. एका सिस्टरला एका वेळी किती बाळं उचलता येतील, हा हिशेब तिथे उभं राहूनच समजतो.

डिस्चार्जची फाइल मी अजूनही प्रत्येकाच्या हाती देते. गेल्या महिन्यात फिजिओथेरपी करून आलेली एक मुलगी दुपारी दोनला माझ्याकडे आली. टीपीएची क्वेरी आल्याने तिची फाइल अडकली होती. मला वाटलं, त्याबद्दलच बोलेल.

"मॅडम, त्या आजोबांनी जेवायचं कुठे?" ती म्हणाली. "सकाळी डिस्चार्ज लिहिला, तेव्हाच किचनने त्यांचं डाएट बंद केलं. त्यांना शुगर आहे."

एवढ्या वर्षांत हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. आम्ही दोघी तशाच किचनमध्ये गेलो. आधी आजोबांचं ताट वर पाठवलं, आणि मग डाएटिशियनला बोलावून, गेटपास झाल्याशिवाय कुणाचंही जेवण बंद करायचं नाही, असं त्यांच्या रजिस्टरात लिहून घेतलं.