खारं लाकूड

1996 च्या श्रावणात दापोलीजवळच्या मुरुडच्या पुळणीवरून मी पहिलं लाकूड उचललं, ते जळण म्हणून. शेजारच्या आजींनी ते बंबापाशी पाहिलं आणि त्या ओरडल्याच, "अरे, खारं लाकूड घालू नकोस, बंब खाईल ते!" मिठानं पत्रा गंजतो, हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक होतं. लाकूड पडवीत पडून राहिलं आणि आठवडाभरात मला त्यात बगळ्याची मान दिसायला लागली. मग पटाशी घेतली आणि बगळा केला. बगळा कसला, मानेला मुरड पडलेलं बदक! दिवाळीपर्यंत त्याला उभी चीर गेली.

लाकडं येतात ती पावसाळ्यात. उन्हाळ्यात पुळण झाडून काढल्यासारखी स्वच्छ असते. आषाढ लागला की नद्यांना पूर येतो, वारा पश्चिमेचा होतो, आणि नदीनं समुद्रात टाकलेलं समुद्र उधाणाच्या भरतीला किनाऱ्यावर आणून ठेवतो. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या पहाटे जायचं. पाणी जिथवर चढून गेलं असेल तिथे काटक्या, चपला आणि बाटल्यांची एक रेघ असते, त्या रेघेनं चालायचं.

पहिली दहा वर्षं माझ्या हाती मुख्यतः होड्यांचं लाकूड आलं. हर्णै बंदर जवळ. सागवानी फळ्या, त्यांत गंजलेले खिळे, कधी उलांडीचा तुकडा, आणि सगळ्यावर समुद्रातल्या किड्यानं पोखरलेली बोटभर रुंद भोकं. ही भोकं म्हणजे आयतं कोरीवकाम, पण ते कळायला मला फार उशीर लागला. मी आपला ती लांबी भरून बुजवायचो! पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि सागवान येणं आटलं. फायबरचे तुकडेही वाहून येतात, पण त्यांचं काही होत नाही.

काम शिकवलं गावातल्या एका सुतारकाकांनी, तेही शिव्या घालत. माझी पटाशी दर दोन दिवसांनी बोथट व्हायची. "लाकडाच्या पोटात रेती आहे, धार राहील कशी? आणि मीठ गेल्याशिवाय हत्यार लावायचं नाही." त्यांचा उपाय फुकटचा होता. पावसाळाभर लाकूड पागोळ्यांखाली ठेवायचं, वरून गोडं पाणी पडत राहतं, मीठ निघून जातं. मग सावलीत वाळवायचं, उन्हात कधीच नाही. तारेच्या ब्रशनं रेती काढायची, शेवटी अळशीचं तेल. इतकं झाल्यावर बहुतेक लाकडांना माझी गरजच उरत नाही, असं हळूहळू लक्षात आलं. तोवर मी काष्ठशिल्पांच्या प्रदर्शनांत 'नर्तकी', 'माता' अशा पाट्या लावून बसत होतो. त्या पाट्यांची मला आज लाज वाटते.

26 जुलै 2005 च्या पुरानंतर पुळणीवर जे आलं ते झाडांचं नव्हतं, घरांचं होतं. वासे, पाट, पाळण्याचा दांडा. महाड, चिपळूण पाण्याखाली गेलं होतं. एक दाराची चौकट सापडली, वरच्या पट्टीवर कोरलेला स्वस्तिक, खाचेत अजून लालसर काहीतरी. कुणाची ते कळणं शक्य नव्हतं. ती मी आणली, धुतली आणि पडवीत उभी केली. तिला हत्यार लावलेलं नाही.

त्याच सुमारास ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका माणसाबद्दल वाचलं. त्याचं नाव कुनित. तिथे झाड उगवत नाही, सगळं लाकूड सायबेरियातल्या नद्यांतून बर्फाबरोबर वाहत येतं. त्या वाहून आलेल्या लाकडात त्यानं किनाऱ्याचे नकाशे कोरले होते, खाडी आणि भूशिर बोटानं चाचपता येतील असे. 1884-85 मध्ये गुस्ताव होल्म या डॅनिश अधिकाऱ्याची मोहीम तिथे गेली तेव्हा ते मिळाले. मी मात्र सागाच्या फळीतून बदकं काढत होतो.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या गेल्या. शोध पार समुद्रापर्यंत चालला. त्या पावसाळ्यात मी पुळणीवर गेलो नाही.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात तर समुद्रावर जायची गरजच पडली नाही, लाकूड अंगणात येऊन पडलं. नारळ-पोफळी कोरायला निरुपयोगी, नुसते धागे. फणस मात्र सुरेख, पिवळाधमक. पण ज्याची बाग गेली त्याच्याकडे फणसाचा बुंधा मागायला तोंड कसं उघडायचं? दोघांनी स्वतःहून दिला.

एक गंमत सांगायची राहिली. 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या 45 व्या कलमानुसार वाहून आलेलं, किनाऱ्याला लागलेलं इमारती लाकूड, कुणी हक्क सिद्ध करीपर्यंत, सरकारचं मानलं जातं. म्हणजे माझी निम्मी पडवी वादग्रस्त आहे.

अलीकडे अशा लाकडाला भाव आला आहे. रिसॉर्टांना आरशाच्या चौकटी, दिव्यांच्या बैठका हव्या असतात. ट्रॅक्टर लावून ओंडके ओढून नेताना मी पाहिले आहेत. हे मला पटत नाही. आडव्या पडलेल्या ओंडक्यापाशी वाऱ्यानं उडणारी रेती अडते, त्या आडोशाला मर्यादवेल मूळ धरते आणि पुळण जागेवर राहते. कासवं अंडी घालायला येतात त्या किनाऱ्यावर मात्र वाटेतला ओंडका बाजूला करावा लागतो, नाहीतर मादी माघारी फिरते. बाकी ठिकाणी तो राहू द्यावा. तुम्ही गेलात तर हातात मावेल तेवढंच उचला. ओंडका बसायला बरा असतो.