छापखान्यातून रानात आलेली लेन्स

तळहाताएवढं दगडफूल ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याला सहज झेपतं, कारण फिल्मवर ते पाव आकाराचंच उमटायचं असतं. ४×५ इंची फिल्मची चौकट त्याच दगडफुलाने भरायची, तर ते जवळपास आहे त्याच आकारात उतरावं लागतं. लार्ज फॉरमॅटवाल्याची कटकट इथून सुरू होते.

एकास एक प्रतिमेसाठी लेन्स फिल्मपासून फोकल लेन्थच्या दुप्पट दूर न्यावी लागते. म्हणजे १५० मिलिमीटरच्या लेन्सला कॅमेऱ्याचा घडीचा भाता ३० सेंटिमीटर हवा, २१०च्या लेन्सला ४२, ३००च्या लेन्सला ६०. पाठीवर घेऊन डोंगर चढता येईल अशा बऱ्याच लाकडी कॅमेऱ्यांचा भाता तिशीच्या आसपासच संपतो. शिवाय भाता लांबला की प्रकाश पांगतो आणि एक्स्पोजर चौपट होतं. अर्ध्या सेकंदाचे दोन सेकंद झाले, की तेवढ्यात पान हललंच. छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनने १९३० साली ८×१०च्या कॅमेऱ्याने टिपलेली प्रसिद्ध ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेली होती. तिला वाऱ्याचं भय नव्हतं.

लेन्स कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा. नेहमीच्या लेन्स दूरच्या दृश्यासाठी घडवलेल्या असतात. इतक्या जवळून त्यांच्या कडा सैल पडू शकतात. जवळच्या कामात तयार झालेली लेन्स मिळाली ती छापखान्यात. रंगीत छपाईसाठी चित्राच्या प्रत्येक रंगाची वेगळी निगेटिव्ह काढावी लागे, आणि छापताना ते रंग एकमेकांवर नेमके बसावे लागत. म्हणून या निगेटिव्ह काढणाऱ्या प्रोसेस कॅमेऱ्याला वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश एकाच प्रतलात आणणारी लेन्स हवी होती. गोर्झची आर्टार, रोडेनस्टॉकची अपो-रोनार, श्नायडरची जी-क्लॅरॉन ही त्याच घराण्यातली नावं. त्यांची भिंगं मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच मांडलेली असतात. त्यामुळे एकास एक प्रमाणात पुढच्या अर्ध्याने केलेले कितीतरी दोष, उदाहरणार्थ सरळ रेषेचा बाक किंवा कडेची रंगीत झालर, मागचा अर्धा खोडून टाकतो. स्कॅनर आले, प्रोसेस कॅमेरे भंगारात गेले आणि या लेन्स जुन्या बाजारात उतरल्या.

उणिवा आहेत. त्यांचं सर्वांत मोठं छिद्र बहुधा एफ/९चं. एकास एकला फोकस पाहायच्या दुधी काचेवर एफ/१८इतकाच उजेड पोचतो. पावसाळी झाडीत, डोक्यावर काळं कापड घेऊन, त्यात फोकस शोधणं ही तपश्चर्याच. अनेकींना शटरही नसतं. लहान जी-क्लॅरॉनची भिंगं मात्र साध्या कोपाल शटरमध्ये फिरवून बसतात, हा तिचा मोठा गुण.

पैसे असतील तर निकॉनची १२०ची एएम किंवा श्नायडरची माक्रो-सिमार आहे. याही जवळच्या कामासाठीच बनलेल्या, आणि एफ/५.६मुळे काच उजळ. पण १२०ची लेन्स फुलापासून २४ सेंटिमीटरवर येते, आणि कॅमेऱ्याची सावली फुलावर पडू शकते.

आणखी एक. लेन्सवरच्या आकड्यात एफ/२२ असलं तरी एकास एकला ते प्रत्यक्षात एफ/४५ होतं. फोकसची खोली मिळवायला छिद्र आणखी बारीक कराल तर सगळंच चित्र मऊ पडेल. त्यापेक्षा लेन्स कलती करून फोकसचं प्रतल फुलाच्या अंगाने वळवा.

माझं मत विचाराल तर ३० सेंटिमीटर भात्यासाठी १५०ची जी-क्लॅरॉन घ्यावी, ४५ असेल तर २१०ची. दुकानात जाण्याआधी पट्टीने भाता मोजा.