सळईची थंड टोकं

दिल्लीच्या नारायणा औद्योगिक वसाहतीत छापखाने एकमेकांना खेटून उभे आहेत. पावसाळ्यातला दमट दिवस, वॉटर-बेस्ड शाईचं काम, वर वाळवणाऱ्या दिव्यांची रांग. अशा वेळी कुठल्याही छापखान्यात घडू शकेल असा हा प्रसंग. मशीनमन डिलिव्हरीतून एक ताव उपसतो. मधोमध अंगठा घासतो, अंगठा स्वच्छ. कडेला घासतो, अंगठा निळा. दिव्यांचा जोर वाढवला की मधला कागद सुकून वळायला लागतो आणि कडा ओल्या त्या ओल्याच. भाकरी मधे करपावी आणि कडेला कच्ची राहावी, तसा सगळा प्रकार. मग एकावर एक रचलेल्या तावांत खालची शाई वरच्याच्या पाठीवर उमटते आणि अख्खी थप्पी रद्दीत जाते.

गुन्हा समोर आहे, गुन्हेगार कोण? पहिला संशयित म्हणजे दिव्याची थंड टोकं. तो पकडण्याची विद्या याच वसाहतीपासून फार लांब नसलेल्या एका इमारतीत तयार झाली होती. ज्यांनी ती तयार केली, त्यांच्या डोक्यात शाई मुळीच नव्हती.

ती इमारत म्हणजे राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा. 4 जानेवारी 1947 रोजी नेहरूंनी तिची कोनशिला बसवली, 21 जानेवारी 1950 रोजी सरदार पटेलांनी उद्घाटन केलं. पहिले संचालक डॉ. के. एस. कृष्णन. 1928 साली कोलकात्यात रामन यांच्याबरोबर प्रकाशाच्या विकिरणाचे प्रयोग करणारे ते हेच. संचालक झालेला शास्त्रज्ञ बहुधा फायलींत बुडतो. कृष्णन मात्र सहकारी एस. सी. जैन यांच्यासह तापलेल्या पदार्थांच्या मागे लागले. पदार्थ लालबुंद तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. किती पडतात हे मोजायचं, तर तापमान अचूक कळायला हवं. टंगस्टनची तार 2400 केल्विनला असताना तापमान नुसतं 1 टक्क्याने चुकलं, तर इलेक्ट्रॉनांचा हिशेब 20 टक्क्यांहून जास्त चुकतो. तेव्हा ‘सळई तापली’ एवढं म्हणून भागत नाही. ती कुठे, किती तापली हे सांगावं लागतं.

मांडणी अशी: निर्वात नळीत एक बारीक सळई, दोन्ही टोकं जाड, थंड चिमट्यांत. वीज सोडली की सळई उजळते. आत आलेली उष्णता बाहेर पडायला दोन वाटा. एक, किरणांच्या रूपाने चहूकडे. ही तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. दुसरी, सळईतूनच सरकत चिमट्यांकडे. हा चौथा घात समीकरणात घुसला की ते सहजासहजी सुटत नाही. अमेरिकेत लँगम्युअर, मॅक्लेन आणि कॅथरीन ब्लॉजेट यांनी 1930 मध्ये दिव्याच्या तारेच्या टोकांशी होणाऱ्या या गळतीचा हिशेब मांडला होता. जैन आणि कृष्णन यांनी 1954 पासून लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये लेखांची मालिकाच लिहिली. विषय एकच: निर्वातात विजेने तापवलेल्या बारीक सळईच्या लांबीवर तापमान कसं पसरतं.

या गणिताचं चित्र डोळ्यांसमोर आणता येतं. सळई पुरेशी लांब असेल, तर मधल्या भागाला आपल्याला टोकं आहेत याचा पत्ताच नसतो. तिथे तापमान सपाट राहतं आणि टोकांजवळ घसरतं. सळई आखूड असेल, तर सपाट भाग उरतच नाही, नुसता उंचवटा. लांब कुठली आणि आखूड कुठली, हे फूटपट्टी ठरवत नाही. जाडी, उष्णता वाहून नेण्याची क्षमता आणि खुद्द तापमान हे ठरवतात. सळई जितकी तप्त, तितकी थंड टोकांची सत्ता आखूड. दिव्यातली तारही अशीच एक सळई. म्हणजे मशीनमनने कागद वाचवायला दिवा मंद केला, की थंड टोकं आतल्या बाजूला पसरतात. हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत खोडकर सत्य वाटतं.

मग गुन्हेगार सापडला? इथे गोष्ट फिरते. गणितात वाळवणीच्या हॅलोजन दिव्याचे आकडे घालून पाहावेत. त्यातली टंगस्टनची तार केसाहून थोडी जाड आणि भयंकर तप्त. तिच्यावर टोकाच्या गारव्याचा परिणाम जेमतेम काही मिलिमीटर चालतो, आणि तार गुंडाळलेली असल्याने दिव्याच्या लांबीत ते मिलिमीटरही आक्रसतात. जाड सळईच्या हीटरमध्ये हाच परिणाम काही सेंटिमीटर आत येतो, तिथे संशय रास्त. पण काचनळीतला दिवा या आरोपातून जवळजवळ सुटतो.

दुसरा संशयित साधी भूमिती. तावाच्या मधल्या ठिपक्याला दिवा दोन्ही बाजूंनी दिसतो. दिव्याच्या टोकाखालच्या ठिपक्याला तो एकाच बाजूला दिसतो, म्हणून लांब दिवा कागदाजवळ असेल तर तिथे उष्णता निम्मीच पोचते. वॅट कितीही वाढवा, निम्मं ते निम्मंच. उपाय कंटाळवाणा आहे: दिवा तावाच्या रुंदीहून लांब घ्यायचा, कडेला परावर्तक लावायचे, दिव्यांचे सांधे एकाच रेषेत येऊ द्यायचे नाहीत.

एवढं करूनही एक कोडं उरतं. एकाच तावावर, अगदी मधोमध, काळं अक्षर खडखडीत कोरडं आणि शेजारचा पिवळा ठोकळा ओला. इथे 1800 सालच्या इंग्लंडमध्ये जावं लागतं. युरेनस शोधणारे विल्यम हर्शेल सूर्य पाहताना रंगीत काचा वापरत. काही काचांतून उजेड कमी येई पण डोळ्याला चटका बसे, काहींतून उलट. त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाश फोडला आणि एकेका रंगात तापमापक ठेवला, बाजूला तुलनेसाठी आणखी ठेवले. जांभळ्याकडून तांबड्याकडे पारा चढत गेला. मग त्यांनी तापमापक तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काही दिसत नव्हतं तिथे सरकवला. पारा आणखी चढला. अवरक्त किरण सापडले ते असे. 1930 च्या दशकात फोर्डच्या कारखान्यात मोटारींचा रंग याच किरणांच्या दिव्यांनी वाळवू लागले.

पण अवरक्तातही जाती आहेत. 2400 केल्विनचा झगझगीत दिवा सर्वाधिक जोर लावतो 1.2 मायक्रोमीटरला. पाण्याचा पातळ थर तिथे जवळजवळ पारदर्शक असतो. पाणी आधाशासारखं शोषतं ते 3 मायक्रोमीटरच्या आसपास. झगझगीत दिव्याची उष्णता मग काळ्या रंगद्रव्यात शिरते, पिवळ्यातून आणि पांढऱ्या कागदावरून निसटते. 1100 केल्विनचा मंद, लालसर दिवा 2.6 मायक्रोमीटरला जोर लावतो. त्याला काळ्या-पिवळ्यात एवढा भेद करता येत नाही. मात्र चौथा घात इथेही आडवा येतो. तेवढ्याच पृष्ठभागातून मंद दिवा विसाव्या हिश्शाहूनही कमी शक्ती देतो. शिवाय तो चटकन विझत नाही. मशीन अडकलं तर खालचा कागद पेट घेऊ शकतो. झगझगीत दिवा क्षणात थंडावतो. त्यामुळे कुठला दिवा घ्यायचा, याचं एकच उत्तर विक्रेत्याच्या कॅटलॉगात असतं, कारखान्यात नसतं.

आणि हवा. 1 किलो पाणी उडवायला सुमारे 2,260 किलोज्यूल लागतात. ते मोजून दिले तरी वाफ कागदावरच रेंगाळली तर शाई वाळत नाही. दिल्लीच्या ऑगस्टमध्ये दिव्याइतकंच महत्त्व पंख्याला.

   

सुटलेला पहिला संशयित, म्हणजे थंड टोकं, मात्र दुसरीकडे रंगेहाथ सापडतो. नेहरू प्लेसच्या दुरुस्तीच्या दुकानात फोटोकॉपी मशीनचा फ्यूजर उघडला, की पोकळ रोलरच्या आत एक लांब, बारीक हॅलोजन दिवा असतो. रोलर तापतो, टोनरची भुकटी वितळून कागदाला चिकटते. या रोलरची दोन्ही टोकं बेअरिंगमध्ये बसलेली, म्हणून उष्णता तिकडे पळते आणि कडा गार पडतात: चिमट्यांत धरलेली सळईच ही, फक्त जाडजूड आणि हवेत. असा दिवा उजेडासमोर धरून पाहावा. बऱ्याच दिव्यांत मधे तारेची वेटोळी विरळ असतात आणि टोकांकडे दाट. रोलरच्या कडांकडून जेवढी उष्णता गळणार, तेवढी बनवणाऱ्याने आधीच जास्त भरून ठेवलेली असते.