‘निरुपयोगी’ ठरविलेल्या बेटावर

कॅरिबियन समुद्र म्हटले की नारळाची झाडे, पांढरी वाळू आणि निळेशार पाणी डोळ्यांसमोर येते. अरूबा बेटाचा पश्चिम किनारा अगदी तसाच आहे आणि बहुतेक प्रवासी तेवढाच पाहून परततात. आम्ही मात्र एक अख्खा दिवस बेटाच्या दुसऱ्या अंगाला, आरिकोक राष्ट्रीय उद्यानात घालविला. परतल्यावर नातेवाइकांनी विचारलेच, “एवढ्या लांब जाऊन दगड आणि काटे काय पाहिलेत?” वाचकहो, त्याचे उत्तर चार शब्दांत देता येईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे 30 किलोमीटरवरचे हे बेट नेदरलँड्सच्या राज्यात मोडते. क्षेत्रफळ अवघे 180 चौरस किलोमीटर, आणि त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा या उद्यानाचा. पाऊस वर्षाला 500 मिलिमीटरहून कमी. माण-खटावकडच्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको! पूर्वेकडचा वारा बारा महिने असा वाहतो की दिवीदिवीची झाडे एकाच बाजूला ओणवी झालेली दिसतात. बाकी सगळीकडे माणसाहून उंच निवडुंग, काळे-तांबूस खडक आणि मधूनच पळणारे निळसर सरडे. जामानोता हा बेटावरचा सर्वांत उंच डोंगर 188 मीटरचा. आपल्याकडे त्याला टेकाड म्हणतील.

सान फुएगो येथील फाटकावर तिकीट काढून आत गेलो, तेव्हा पाण्याच्या बाटल्या पुरेशा आहेत का, असे तिथल्या कर्मचाऱ्याने दोनदा विचारले. तो उगाच विचारीत नव्हता. दहा वाजताच डोके तापले. जाड तळव्याचे बूट नसतील तर इथे जाऊच नये.

थोड्या अंतरावर एक जुने शेतकरी घर नीट दुरुस्त करून जपले आहे. भिंती माती आणि गवत कालवून केलेल्या, कुंपण जिवंत निवडुंगाचे. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून दाट लावलेले. या कोरडवाहू जमिनीत लोक काय पिकवीत, तर ज्वारी आणि शेंगवर्गीय दाणे! आमच्या सौ. त्या मातीच्या भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांच्या आजोळचे घर असेच होते. परदेशात येऊन पंचतारांकित हॉटेलपेक्षा कुडाचे घर जवळचे वाटावे, याचे आम्हांला हसूही आले.

आता मुख्य गोष्ट. इथले मूळ रहिवासी काकेतियो लोक. मासेमारी, शेती, मातीची भांडी यांवर त्यांचे जीवन चाले. 1499 मध्ये स्पॅनिश लोक या बाजूला आले. त्यांना हवे होते सोने, ते दिसले नाही. मग 1513 मध्ये अरूबा, कुरासाव आणि बोनेर या तिन्ही बेटांना त्यांनी ‘निरुपयोगी बेटे’ असा शिक्का मारला. शिक्का जमिनीवर, पण भोगले माणसांनी. पुढच्या एक-दोन वर्षांतच बहुतेक काकेतियोंना गलबतांत भरून हिस्पॅनिओला बेटावर गुलाम म्हणून राबायला नेले गेले. ज्या भूमीचा काही उपयोग नाही म्हटले, तिथली माणसे मात्र उपयोगाची ठरली. गावकुसाबाहेरचे खडक ज्यांच्या वाट्याला आले आणि वेठ मात्र साऱ्या गावाची करावी लागली, त्या आपल्या वाडवडिलांची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही.

गंमत अशी की 1824 मध्ये याच बेटावर सोने सापडले. उद्यानात मिरालामार येथे त्या खाणीच्या पडक्या भिंती आजही आहेत.

बोका प्रिन्सच्या वाळूच्या टेकड्या ओलांडून आम्ही फोंतेनच्या गुहेत गेलो. ही आपल्या कान्हेरी-कार्ल्यासारखी छिन्नीने कोरलेली लेणी नव्हेत, चुनखडीत निसर्गानेच झालेली पोकळी. छत हाताला लागेल इतके खाली, आणि त्यावर काकेतियोंनी तांबूस-तपकिरी रंगात काढलेल्या आकृती. काही चित्रांपुढे गज लावले आहेत, कारण नंतर आलेल्या युरोपीय लोकांनी भिंतींवर आपली नावे खरडून ठेवली आहेत. आमच्या मुलीने ती नावे पाहिली आणि म्हणाली, “बाबा, हे तर आपल्या लेण्यांत पण करतात.” आम्हांला उत्तर सुचले नाही. मागच्याच वर्षी सहलीत आमच्यातल्याच एका पोराला खडू घेऊन लेण्याच्या खांबाशी उभा असताना आम्ही पकडले होते.

शेवटची गुहा क्वादिरिकिरी. आत दोन मोठी दालने, छताला भोके पडलेली, त्यांतून उन्हाचे झोत खाली येतात. पुढच्या अंधारात वटवाघळे. तीच रात्री निवडुंगाच्या फुलांवर जातात आणि परागकण वाहतात, म्हणून इथे बत्ती रोखून त्यांना त्रास देऊ नये असे बजावले जाते. या गुहेची एक लोककथा तिथल्या वाटाड्याने सांगितली. सरदाराची मुलगी बापाला नापसंत असलेल्या तरुणावर प्रेम करू लागली. बापाने तिला या गुहेत कोंडले आणि त्याला जवळच्या दुसऱ्या गुहेत. जमिनीखालून दोघे एकमेकांना भेटले, तिथेच मेले आणि त्यांचे प्राण छत फोडून वर गेले. ती भोके त्याचीच, म्हणे.

गोष्ट संपल्यावर वाटाड्याने विचारले, “तुमच्याकडे अशा कथा आहेत का?”

सौ. म्हणाल्या, “कथा नाहीत. वर्तमानपत्रात येतात.”