सुकट खा, पण मीठ जपून

मंगळवार पेठेतल्या आपल्या अनेक घरांत बाई कामावरून येऊन गॅस पेटवेपर्यंत रात्रीचे आठ वाजतात. मटण रोज परवडत नाही. ताजी कोळंबी कोकणातून घाट चढून येते, म्हणून महाग. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ती मिळतही नाही. अशा वेळी डब्यातली सुकट कामाला येते. वासामुळे लाजून काही घरांत पाहुण्यांपुढे हा डबा मागे सरकतो. तो पुढे आणावा, असे आम्हाला वाटते.

सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, कोळंबीसारखाच बारीक जीव. वाळल्यावर पाणी जाते, प्रथिने राहतात. सालीसकट खाल्ल्याने कॅल्शियम मिळते, बी-१२ जीवनसत्त्वही मिळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्त भरून यायला प्रथिने, बी-१२ आणि लोह, तिन्ही लागतात. नुसत्या सुकटीतून पुरेसे लोह मिळत नाही, म्हणून जोडीला मेथी किंवा दुसरी पालेभाजी आणि वरून लिंबू घ्यावे. लिंबामुळे लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला, तर तेच लोह कमी शोषले जाते.

पाच माणसांना ५० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन-तीन मुठी सुकट पुरते. एवढ्यात प्रत्येकाला जवळपास एका अंड्याइतकी प्रथिने मिळतात.

कृती अशी. कोरड्या कढईत मंद आचेवर सुकट दोन-तीन मिनिटे भाजा. हाताने चोळून चाळणीने चाळा. वाळू, पाय, मिशा निघून जातात. मग कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे भिजवून घट्ट पिळा आणि ते पाणी टाकून द्या. त्यातून बरेच मीठ जाते. तोवर दोन चमचे तेलात दोन कांदे, सात-आठ लसूण पाकळ्या, एक टोमॅटो आणि चिरलेले वांगे परता. हळद, एक चमचा कांदा-लसूण चटणी आणि सुकट घालून झाकण ठेवा. आठ-दहा मिनिटांत कालवण तयार. मीठ आधी घालू नका. सुकटीत आणि चटणीत ते असतेच. चव बघून लागले तरच घाला. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर खा.

ताजी कोळंबी मिळाली, तर पाठीवरचा काळा दोरा काढा आणि रस्सा उकळल्यावर शेवटी टाका. चार-पाच मिनिटांत ती गुलाबी होऊन शिजते. जास्त शिजवली तर रबरासारखी होते.

दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. बीपी किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी सुकट क्वचित, डॉक्टरांना विचारूनच खावी. कोळंबी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील, तर सुकटही टाळा. ओठ सुजले, श्वास अडकू लागला तर घरगुती उपाय न करता तडक सीपीआर रुग्णालय गाठा.

सुकट ओलसर लागली, बुरशी दिसली किंवा उग्र झिणझिण्या आणणारा वास आला, तर फेकून द्या. चांगली सुकट कडक ऊन देऊन घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

आणखी एक. कालवण वाढताना पहिल्यांदाच पाच सारखे वाटे करा. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला नुसता रस्सा येत असेल, तर तिचे रक्त कशाने भरेल?