समुद्रासाठी काम करायचंय, पण शाखा कुठली?

कॉटन ग्रीनला लोकल पकडली की पुढचंच स्टेशन शिवडी. ओहोटीच्या वेळी तिथल्या जेट्टीवर गेलात तर लांबवर चिखल दिसतो, हंगाम असेल आणि नशीब असेल तर त्यात रोहित पक्षी, आणि बाजूने समुद्रात शिरणारा अटल सेतू. गेल्या महिन्यात मी तिथे आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीला घेऊन गेले होते. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील निवृत्तीला आलेत, त्यामुळे घरच्यांना वाटतं की तिने लगेच नोकरी धरावी. तिचा प्रश्न होता, "ताई, मला समुद्र वाचवायचाय. मग मरीन इंजिनिअरिंगला जाऊ का?"

हा घोळ तुमच्यापैकीही अनेकांचा असेल. मरीन इंजिनिअरिंग म्हणजे जहाजाची इंजिनं आणि यंत्रणा. जहाजाचं डिझाइन करतात ते नेव्हल आर्किटेक्चरवाले. लाटा, किनारा, समुद्रातली बांधकामं हा ओशन इंजिनिअरिंगचा प्रांत. आयआयटी मद्रास आणि खरगपूरला त्याचे विभाग आहेत. पाणी, सांडपाणी, हवा हे पर्यावरण अभियांत्रिकीत येतं. नावात 'समुद्र' आहे म्हणून शाखा घेतलीत तर फसाल.

तिला मी पुलाकडे बघायला सांगितलं. २१.८ किलोमीटरच्या या पुलाचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं. त्याच्या काही टप्प्यांत पोलादी डेक वापरलाय, त्यामुळे दोन खांबांमधलं अंतर १८० मीटरपर्यंत नेता आलं. म्हणजे तेवढ्या टप्प्यात समुद्रतळात कमी खांब उतरले. हा निर्णय कुठल्या संवर्धन संस्थेचा नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. (पूल व्हायला हवा होता की नाही, हा वाद वेगळा. त्यात माझं मत दर सहा महिन्यांनी बदलतं.)

आता मैलापाणी. हा विषय कुणाला आवडत नाही, पण माझ्या मते समुद्राचं सगळ्यात मोठं काम इथेच आहे. मुंबईत सात नव्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं. एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. बीओडी म्हणजे पाण्यातला सेंद्रिय मळ कुजवताना जीवाणू जेवढा ऑक्सिजन खातात तो. समजा केंद्रं पूर्ण क्षमतेने चालली आणि प्रक्रिया सुधारून तुम्ही बीओडी लिटरमागे फक्त २० मिलिग्रॅमने कमी केलात. गुणाकार करून बघा: रोज ४९ टन ऑक्सिजनचा भार पाण्यावरून उतरला. किनारा सफाईच्या कितीही रविवारांनी हे होणार नाही.

पण थांबा, गंमत पुढे आहे. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवाळ वाढवतो, आणि छोटे रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळांवर जगतात. म्हणजे खाडीचं पाणी स्वच्छ केलं तर शिवडीच्या पक्ष्यांचं काय? मला याचं सरळ उत्तर देता येत नाही. संशोधनाचा प्रश्न असा असतो: मोजता येणारा, आणि उत्तर आपल्याला आवडेलच याची खात्री नसलेला.

मी स्वतः एम.एस्सी. करून आले आणि 'सागरी प्रदूषण' हा विषय धरून बसले. तो छाटून एका प्रश्नावर यायला वर्ष गेलं. म्हणून सांगते, आधी प्रश्न, मग शाखा. प्रश्न पाण्याच्या प्रक्रियेचा असेल तर सिव्हिल, केमिकल किंवा विज्ञानातूनही पर्यावरण अभियांत्रिकीत जाता येतं. गेटला त्यासाठी ईएस हा वेगळा पेपर आहे. गाळ आणि प्रवाहात रस असेल तर खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र काय काम करतं ते वाचा. समुद्राचं रसायन किंवा जीवसृष्टी खुणावत असेल तर गोव्याची दोना पावलाची एनआयओ. आणि बी.टेक.चीच निवड बाकी असेल तर मूळ शाखा घ्या, पर्यावरण पुढे जोडा. नोकरीची दारं जास्त उघडी राहतात.

त्या मुलीला मी नोकरी नाकारायला सांगितलं नाही. घरचा हप्ता मी भरणार नाहीये. सांडपाणी किंवा किनारी बांधकामातली नोकरी मिळाली तर दोन वर्षं कर, प्लांटवरचे आकडे कसे येतात ते बघ, मग पीएच.डी.चा अर्ज टाक, एवढंच म्हणाले. ती सध्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक घेऊन दर शनिवारी जेट्टीवर जाते आणि वहीत लिहिते: वेळ, पाण्याचा रंग, वास, पक्षी किती. परवा तिने विचारलं, पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं किट केवढ्याला येतं?