वकील अनुदानित की विनाअनुदानित?

'अनुदान' हा शब्द आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कॉलेज अनुदानित आहे की विनाअनुदानित, यावर सरांचा पगार वेळेवर होणार की रखडणार, हे बरंचसं ठरतं. शिकवायचा विषय तोच असतो, फळाही तोच असतो. फरक असतो तो पैसे किती भरवशाने येतात याचा. या लेखात हाच शब्द मला कोर्टात न्यायचा आहे. घरमालकाने दावा लावलेल्या गरीब भाडेकरूला 'मोफत वकील' मिळतो असं आपण म्हणतो. तो भाडेकरूसाठी मोफत असतो, पण वकिलालाही घर चालवायचं असतं. मग त्याचे पैसे कोण देतं? आणि ते थांबले तर भाडेकरूच्या हक्काचं काय उरतं?

अमेरिकेत हा प्रश्न गेली पन्नास वर्षं या ना त्या रूपात चालू आहे आणि त्याचा हिशोब बऱ्यापैकी उघडा आहे. म्हणून आधी तिकडचं पाहू, मग आपल्या जिल्हा कोर्टाकडे येऊ.

पेन्सिलीने लिहिलेला अर्ज

१९६१ मध्ये फ्लोरिडा राज्यात क्लॅरेन्स अर्ल गिडियन नावाच्या माणसावर पूल खेळायच्या एका अड्ड्यात घुसून चोरी केल्याचा आरोप आला. माझ्याकडे पैसे नाहीत, मला वकील द्या, असं त्याने कोर्टाला सांगितलं. कोर्टाने नकार दिला. त्याने स्वतःच आपली बाजू मांडली, हरला, आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहिला आणि सुप्रीम कोर्टाला पाठवला. १९६३ मध्ये कोर्टाने एकमताने निकाल दिला, की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात आरोपी गरीब असेल तर सरकारने त्याला वकील दिलाच पाहिजे. खटला पुन्हा चालला. या वेळी सोबत वकील होता, आणि गिडियन निर्दोष सुटला.

पण हा हक्क फौजदारी खटल्यापुरताच राहिला. १९८१ मध्ये लॅसिटर नावाच्या खटल्यात प्रश्न आला तो एका आईचा. तिचे मुलावरचे हक्क कायमचे काढून घेतले जात होते आणि तिला वकील नव्हता. पाच विरुद्ध चार मतांनी सुप्रीम कोर्ट म्हणालं, की जिथे तुरुंगात जायची वेळ नाही तिथे सरकारी खर्चाने वकील मिळेलच असं धरून चालता येणार नाही. घर खाली करून घेण्याचा दावा दिवाणी असतो. त्यामुळे तिथे चोरीच्या आरोपीला वकील मिळतो, पण लेकरांसह रस्त्यावर यायची वेळ आलेल्या बाईला तो मिळेलच असं नाही.

वकील असून काय फरक पडतो?

कोणी म्हणेल, भाडं थकलंय तर थकलंय, त्यात वकील काय करणार? प्रश्न रास्त आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या 'इव्हिक्शन लॅब'च्या अंदाजाप्रमाणे कोरोनाच्या आधी अमेरिकेत साधारण वर्षाला घर खाली करण्याचे ३६ लाख दावे दाखल होत. इतके दावे असले की एकेकाला मिळतात काही मिनिटं. तारखेला भाडेकरू हजर नसेल तर बहुतेक ठिकाणी एकतर्फी निकाल होतो. हजर राहिला तर कोर्टाच्या व्हरांड्यातच मालकाचा वकील एक कागद पुढे करतो. अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम भरीन, नाहीतर घर सोडीन, असं त्यावर लिहिलेलं असतं. घाबरलेला माणूस सही करतो. न्यायाधीशासमोर जायच्या आतच खटला संपलेला असतो.

वकील असला की तो आधी नोटीस बघतो. कायद्याने सांगितलेली मुदत दिली का, नोटीस खरोखर हाती पडली का, रकमेत नको ते दंड मिसळलेत का, हे तपासतो. मग घराची अवस्था बघतो. १९७० मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या एका इमारतीच्या खटल्यात भाडेकरूंचं म्हणणं होतं, की इमारतीत घरांच्या नियमांचे सुमारे १,५०० भंग आहेत. तिथल्या अपील कोर्टाने ठरवलं, की भाडं देणं आणि घर राहण्याजोगं ठेवणं ही दोन्ही बाजूंची जोडलेली कर्तव्यं आहेत. मालकाने आपलं पाळलं नाही तर पूर्ण भाड्याचा आग्रह धरता येत नाही. हा बचाव आज तिथे बहुतेक राज्यांत आहे. पण तो मांडायचा असतो हे सांगायला कोणीतरी लागतं. शेवटी घर सोडावंच लागलं, तरी वकील मुदत वाढवून घेतो. दोन दिवसांत सामान रस्त्यावर येणं आणि दोन महिन्यांत दुसरी खोली शोधणं यांत फरक आहे. मुलांची शाळा मध्येच सुटते की वर्ष पूर्ण होतं, हा तो फरक.

लूकच्या शुभवर्तमानातली विधवा आपल्याला माहीत आहे. देवाला न भिणाऱ्या न्यायाधीशाकडे ती पुन्हा पुन्हा जाते, आणि शेवटी कंटाळून तो तिला न्याय देतो. मी ती गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेय, चिकाटीची गोष्ट म्हणून. पण आजच्या भाडेकरूकडे 'पुन्हा पुन्हा' नसतं. त्याची एक तारीख चुकली की संपलं, आणि एका तारखेला म्हणजे एका दिवसाची मजुरी जाते.

पैसे येतात कुठून?

आता मूळ प्रश्न. अमेरिकेत गरिबांच्या दिवाणी वकिलाचा पैसा एका नळाने येत नाही, चार-पाच नळांनी येतो, आणि प्रत्येक नळाची तोटी वेगळ्याच्या हातात आहे.

पहिला नळ केंद्राचा. १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या सहीने 'लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन' स्थापन झालं. ते स्वतः खटले लढवत नाही. देशभरातल्या सुमारे १३० विनानफा संस्थांना अनुदान देतं. उत्पन्न सरकारी गरिबी मर्यादेच्या सव्वापटीच्या आत असेल, साधारण त्यांनाच या पैशातून मदत करता येते. हे अनुदान संसद दरवर्षी नव्याने मंजूर करते. २०२३ साली ते ५६ कोटी डॉलर होतं. रेगन आणि ट्रम्प या दोघांच्याही सरकारांनी ते शून्य करायचा प्रस्ताव दिला होता. संसदेने तो मानला नाही, पण दरवर्षी टांगती तलवार आहेच. शिवाय पैशासोबत अटी येतात. १९९६ पासून हे अनुदान घेणाऱ्या संस्थांना अनेकांच्या वतीने एकत्र सामूहिक दावा लावायला बंदी आहे. एकाच मालकाने शंभर कुटुंबांना सारखाच त्रास दिला, तरी खटले शंभर वेगवेगळे लढायचे.

दुसरा नळ गमतीचा आहे. वकिलांकडे पक्षकारांचे पैसे काही दिवसांसाठी ठेवलेले असतात. प्रत्येकाची रक्कम लहान, मुदत थोडी, म्हणून त्यावर वेगळं व्याज काढून देणं परवडत नाही. असे पैसे एका सामायिक खात्यात ठेवून त्याचं व्याज गरिबांच्या कायदेशीर मदतीला द्यायचं, अशी सोय १९८१ मध्ये फ्लोरिडाने सुरू केली आणि पुढे सगळ्या राज्यांनी उचलली. कल्पना छान आहे, पण व्याजदर पडला की निधी आटतो. २००८ च्या मंदीत तेच झालं. घरं जात होती तेव्हा मदतीची गरज सर्वांत मोठी होती, आणि नेमके तेव्हाच दर शून्याजवळ गेले.

तिसरा नळ संकटकाळचा. कोरोनात केंद्राने घर खाली करण्यावर घातलेली बंदी सुप्रीम कोर्टाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये उठवली. त्याच वर्षी केंद्राच्या गृहनिर्माण आणि नगरविकास खात्याने खास भाडेकरूंच्या वकिलीसाठी १० संस्थांना मिळून २ कोटी डॉलर दिले, आणि नंतर आणखी ११ संस्थांना तेवढेच. बऱ्याच शहरांनी कोरोना मदतनिधीतून वकील नेमले. पण तो निधी २०२४ अखेर बांधून टाकायचा आणि २०२६ अखेर खर्च करायचा, अशी मुदत होती. मुदतीच्या पैशावर नेमलेला वकीलही मुदतीचाच असतो.

बाकी नळ शहरांचे, राज्यांचे आणि देणगीदारांचे.

हक्क आहे, वकील नाही

२०१७ मध्ये न्यूयॉर्क शहराने कायदा केला, की गरिबी मर्यादेच्या दुप्पट उत्पन्नापर्यंतच्या भाडेकरूला हाउसिंग कोर्टात मोफत वकील मिळेल. असं करणारं ते देशातलं पहिलं शहर. त्याआधी, २०१३ मध्ये, तिथल्या शंभर भाडेकरूंपैकी जेमतेम एकाकडे वकील होता, तर मालकांकडे बहुतेक असायचाच. सॅन फ्रान्सिस्को, न्यूअर्क, क्लीव्हलँड, फिलाडेल्फिया ही शहरं मागोमाग आली. २०२१ मध्ये वॉशिंग्टन, मेरीलँड आणि कनेक्टिकट या राज्यांनीही तसे कायदे केले.

पण २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये थांबलेले दावे पुन्हा सुरू झाले, तेव्हा वकील पुरेनात. कमी पगार आणि डोईजड कामामुळे तरुण वकील नोकरी सोडून जात होते. संस्थांनी कोर्टाला विनंती केली, तारखा जरा सावकाश लावा. नवे खटले घेणं आम्हाला जमत नाही. कायदा जागेवर होता, भाडेकरू पात्र होते, तरी अनेकजण एकटेच उभे राहिले. हक्क कायद्याच्या पुस्तकात कायमचा लिहिला, आणि त्याला उभं करणारे पैसे वर्षावर्षाच्या हिशोबात राहिले. माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं सार इथे आहे.

मालकांची बाजूही ऐकायला हवी. सगळे घरमालक गब्बर नसतात. वरच्या मजल्याच्या भाड्यावर औषधं घेणाऱ्या आजी आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतील. वकील आला की खटला लांबतो, तोवर भाडं बुडतं, ही त्यांची तक्रार खोटी नाही. तिचं उत्तर भाडेकरूला वकील न देणं हे नव्हे. थकलेलं भाडं भरायला मदतनिधी ठेवणं आणि वकिलाने तो मिळवून देणं, हे उत्तर आहे. कोरोनाच्या काळात केंद्राने ४,६०० कोटी डॉलरहून अधिक भाडेमदत मंजूर केली, आणि त्यातले पैसे बहुधा थेट मालकाच्याच हाती गेले. वकिलाचं अनुदान आणि भाड्याची मदत या दोन चाकांवर ही गाडी चालते.

आणि आपल्याकडे?

इथे एक आश्चर्य आहे. कागदावर आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. १९७६ मध्ये घटनेत कलम ३९-अ आलं : पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये म्हणून राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी. त्यातून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. तो दिवाणी खटल्यांनाही लागू आहे, म्हणजे घर खाली करण्याच्या दाव्यालाही. कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळू शकतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा राज्य ठरवतं. म्हणजे घरातल्या बाईच्या नावावर भाडेकरार असेल, तर तिचा पगार किती हे कोणी विचारायचं कारण नाही.

पण पैशाचा प्रश्न इथेही सुटत नाही. ही मदत बहुतेक करून पॅनेलवरच्या वकिलांमार्फत मिळते. ते आपली खाजगी प्रॅक्टिस सांभाळून, खटल्यामागे ठरलेलं माफक मानधन घेऊन काम करतात. २०२२ मध्ये पूर्ण वेळ पगारी वकिलांची योजना आली खरी, पण ती फौजदारी खटल्यांसाठी. भाड्याच्या घराचा दावा तिच्यात बसत नाही. फौजदारीला अनुदानित वकील आणि दिवाणीला जवळजवळ विनाअनुदानित, अशी ही वाटणी गिडियन आणि लॅसिटरची आठवण करून देते.

आपल्या सीमाभागात त्यात भाषेची भर पडते. घरात मराठी किंवा कोकणी, आणि नोटीस येते इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये. ती वाचून दाखवणारा माणूस हीच पहिली कायदेशीर मदत असते, आणि तेवढी तर आपल्या वाङ्मय मंडळातली मुलं-मुलीही करू शकतात. बाकीसाठी प्रत्येक जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तालुक्याला समिती आहे, आणि १५१०० हा देशभरचा हेल्पलाइन नंबर आहे.

आपल्या पॅरिशमध्ये कोणाचं भाडं थकलं की वर्गणी निघते, आणि ती निघत राहावी. पण वर्गणीने एक महिना निघतो. वकील मिळाला तर कदाचित घर राहतं. तो कोणाची तरी कृपा म्हणून मिळू नये, हक्क म्हणून मिळावा, असं वाटत असेल तर कायदा आहे ना, एवढ्यावर थांबून चालणार नाही. दरवर्षी बजेट येईल तेव्हा विचारायला हवं, की या वर्षी दिवाणी वकिलासाठी किती ठेवलेत?